पाचवा कोन

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते
त्याच्या तासभर आधी
लोकमान्य नगरच्या मागच्या मैदानावर मी शिडी अंथरते.
सायकलच्या जुन्या ट्यूबांची शिडी,
कुठंच न चढणारी.
अकरा घरं. एका घरात एक पाय,
मग दोन, मग आडवं, मग खाली न बघता.
पुढे सहा कोन, तिरके तिरके.
खरे पाचच; सहावा रंगाचा रिकामा डबा.

खो-खोची नऊ पोरं. मे महिना.
स्वरांगीचे बूट भावाचे, पुढे कापूस कोंबलेला.
झैदला वळायचं म्हटलं की आधी जीभ बाहेर येते.
आणि केयूर लघाटे:
सरळ सोडला तर बाण,
वळवला तर बैलगाडी.

मी सांगते, पळता सगळ्यांनाच येतं रे,
कुत्रं मागे लागलं की कळतं.
अडतं ते थांबण्यापाशी.
कंबर खाली. भार चवड्यावर.
जिथं वळायचं त्याच्या दोन पावलं अलीकडे
मनात वळून घ्या.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
भोपाळ, ब्याण्णव साल, उपांत्य सामना.
खांबाला वळसा घालताना
अंग वळलं,
गुडघा सरळच गेला.

सोळा तारखेला केयूर पाचव्या कोनापाशी उडाला.
वळला नाही, उडालाच,
हवेतच दिशा बदलून डब्यापलीकडे पडला, उठला, पळाला.
"ताई, ती मारायला येऊन राहिली!"
टिटवी.
त्याच्या डोक्यावरून वारा कापत गेली, फिरली, परत आली,
सगळं मैदान तिच्या ओरडण्यानं भरलं.
कोनाच्या बुडापासून वीतभर,
खडीच्या खळग्यात चार अंडी,
मातीनंच घातल्यासारखी.

मी घड्याळ बघितलं. सवयीनं.
केयूरची वर्षातली सगळ्यात चांगली वेळ.

मग वाद झाला.
स्वरांगी म्हणाली, कोन हलवा, तिला त्रास होतो.
झैद म्हणाला, राहू द्या ना ताई,
अपन फास्ट होऊन राहिलो.
दोन दिवस मी झैदच्या बाजूनं होते,
खोटं कशाला बोलू.
वहीत आकडे उतरत होते:
दहा-चार, दहा-एक, नऊ-नऊ.
नऊ-नऊला मी लाल पेनानं गोल केला.

तिसऱ्या दिवशी टिटवी उडालीच नाही.
बसून राहिली, चोच अर्धी उघडी,
आमच्याकडे बघत,
पाहुणे कधी जातात याची वाट बघणाऱ्या बाईसारखी.
त्या गोलाची मला लाज वाटली.
कोन उचलला, शिडी उचलली,
बावीस पावलं पलीकडे नेली.
केयूरची बैलगाडी परत आली.

जूनच्या दोन तारखेला खळगा रिकामा.
पोरं गप्प. पोह्यांच्या डब्याचं झाकण
कुणी उघडलं आणि परत लावलं,
जिरावनाचा वास तेवढा बाहेर राहिला.
मांजर असेल, झैद म्हणाला.
काही बोलू नकोस, स्वरांगी म्हणाली.

तेवढ्यात शिडीच्या आठव्या घरातून काहीतरी पळालं.
काडेपेटीएवढं. त्याला पायच जास्त.
जन्माला येऊन एक रात्र झाली असेल नसेल,
आणि पळत होतं,
ट्यूब आडवी आली की उडी, दगड आला की वळण,
कुणी शिकवलं नव्हतं, कुणी मोजत नव्हतं.

वरून आईनं एकच हाक दिली
आणि ते थांबलं.
हळू होत होत नाही.
थांबलं.
इतकं, की दिसेनासं झालं.
डोळ्यांसमोर नुसती माती.

मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
त्याच गुडघ्यावर.
बराच वेळ शोधलं. सापडलं नाही.

"ताई, सुरू करू?"
"थांब," मी मागे न बघता म्हटलं,
आणि मागची धूळ एकदम खाली बसली.
वळून पाहिलं तर नऊच्या नऊ जागच्या जागी,
चवड्यांवर, कंबर खाली.

केयूरचा एक पाय पुढे गेला होता.
त्याचं उद्या बघू.